हिंगाच्या डब्यातलं रीळ

खांबेट्यांच्या जानकीबाईंचं डोकं त्यांच्या पोटच्या पोरांनीसुद्धा कधी उघडं पाहिलेलं नव्हतं. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. दहाव्या दिवशी सासूनं न्हावी बोलावला. त्या दिवशी आलवणाचा पदर कपाळावर आला तो चौतीस वर्षं तिथून हलला नाही. दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दारानं यायचा, तेव्हा न्हाणीघराची खिडकी बंद, मधलं दार बंद, शेजारच्या बिऱ्हाडाकडच्या फटीत चिंधी कोंबलेली. घरात आरसा एकच, तो सुनेच्या खोलीत. त्या खोलीत काही आणायला जायची वेळ आली तर जानकीबाई आरशाकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

बाकी बाईला भीती कशाची म्हणून नव्हती. मेतकूट, भाजण्या, कुळथाची पिठं घरोघर पुरवून तिनं तीन मुलं वाढवली, पार्ल्यात चार खोल्या बांधल्या, दोन्ही मुली चांगल्या घरी दिल्या. आरेच्या बाटल्यांतलं दूध सगळ्या आळीत यायला लागलं, पण ते सोवळ्याला चालत नाही म्हणून जानकीबाईंचा गवळी अजून म्हैस घेऊन दारात यायचा आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पिळायचा. शाळा दुसरीपर्यंत झालेली. अक्षर लावून लावून वाचायच्या. पण "मी अडाणी बाई, मला काय कळतंय" हे वाक्य अशा नेमक्या जागी टाकायच्या, की समोर वकील असला तरी त्याची दातखीळ बसावी.

सून मृणालिनी, अनंताची बायको. बी. ए. झालेली, गोरी, शांत. उलट कधी बोलायची नाही, पण नजर खाली घालायचीही नाही, आणि जानकीबाईंना ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं. लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा हललेला नव्हता. माहेरून येताना तिनं वडिलांचा कॅमेरा आणला होता, चामड्याच्या पेटीतला, गळ्यात अडकवायचा. सासूनं एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढेच म्हटलं होतं, "लोकांच्या सुनांच्या कडेवर मूल असतं. आमच्या सुनेच्या गळ्यात पेटी असते."

बायका हसल्या. मृणालिनीनं सगळ्यांना पन्हं दिलं, सासूच्या पुढ्यातलं भांडंही भरलं, आणि आत गेली.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. पार्ल्यातल्या हौशी फोटो काढणाऱ्यांच्या मंडळानं त्या थंडीत प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय दिला होता बोरिवलीचं उपवन आणि पलीकडची खाडी. मंडळात सगळे पुरुष. मृणालिनी नाव द्यायला गेल्यावर मंडळाचे चिटणीस श्यामसुंदर म्हणाले, "वहिनी, रानावनाचं काम हे. तुम्ही आपला घरातला गणपती काढा, लावू आपण कोपऱ्यात." मृणालिनीनं तिथल्या तिथे अर्ज भरून दिला. फोटो द्यायची शेवटची तारीख संक्रांत.

"एकटी जाणार?" जानकीबाईंनी विचारलं.

"यांना रजा नाही. खाडीवर धाकू म्हणून होडीवाला आहे, ओळखीचा आहे."

"म्हणजे खांबेट्यांची सून परक्या पुरुषाबरोबर होडीत बसणार आणि मी इथे भोगीचे तीळ निवडत बसू होय? मी येत्ये."

"आई, चिखल असतो तिथं. चालायला लागतं."

"तुझ्या वयाची होते तेव्हा रोज दोन पायल्या दळत होत्ये. मला चालायला शिकवू नकोस."

अनंतानं वर्तमानपत्र थोडं वर धरलं. त्याची ती जुनी सवय होती.

भोगीच्या आदल्या दिवशी दोघी सकाळीच बोरिवलीला उतरल्या. थंडी चांगली पडली होती. उपवनात शिरल्यावर धुकं सागाच्या पानांवरून ठिबकत होतं, खाली पाचोळा ओला होऊन दबलेला. मृणालिनीनं चपला काढून पिशवीत टाकल्या आणि कॅमेरा घेऊन जी सुटली, ती जानकीबाईंना ओळखूच येईना. घरात जी मोजून पावलं टाकायची ती इथं दगडावर चढत होती, पालथी पडत होती, वानरांच्या टोळीपुढे श्वास धरून पाव पाव तास बसत होती. एका ठिकाणी तर कोळ्याच्या जाळ्यावर दव पडलं होतं, तर त्याच्यापुढे ती गुडघे टेकून बसली.

"घरच्या कोपऱ्यातली जळमटं काढायला सांगितली की कंबर धरत्ये," जानकीबाई म्हणाल्या, "आणि इथं जळमटाला नमस्कार!"

मृणालिनी हसली. खरोखरीची हसली. सात वर्षांत सासूनं ते हसणं पाहिलेलं नव्हतं. त्यांना ते आवडलं नाही.

कान्हेरीच्या पायऱ्या चढून गेल्यावर वरच्या कातळावरून लांब खाडी दिसली, तिच्यापुढे समुद्राची फिकी रेघ. जानकीबाईंनी धाबळी अंथरली, बरोबरची केळी खाल्ली आणि डोळे मिटून जप केला. डोळे उघडले तेव्हा सून अंगावरची शाल काढून घडी घालत होती.

"झोप काढलीस?"

"थोडं काम होतं," मृणालिनी म्हणाली. "चला, ऊन कलायच्या आत खाडीवर पोचायला हवं."

स्टेशन ओलांडून टांग्यानं पश्चिमेला गेल्या. धाकू होडी घेऊन थांबलेलाच होता. काळा, सुकलेला, डोक्याला तांबडं फडकं. खाडीच्या दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. पुढे वळणापाशी ओहोटीनं उघडा पडलेला चिखलाचा पट्टा, आणि त्यावर कुरव बसलेले. थंडीत समुद्रावरून येणारी ती पांढरी पाखरं. किती ती! दुरून बघणाऱ्याला वाटावं कुणी धुणं वाळत घातलंय.

मृणालिनीनं होडीतून एक फोटो काढला. होडी हलली. ती चुकचुकली. मग पाण्याचा एक काढला. मग तिला आणखी जवळ जायचं होतं. धाकू म्हणाला, "बाय, पानी उतारतंय. मंग होरी नाय हलनार." तिनं ऐकलं नाही. आणि झालं तसंच. होडी रुतली.

"आजी, आता उतारा," धाकू म्हणाला. "धा पावलां हाय बांध. मी धरतंय."

"तू मला हात लावायचा नाहीस," जानकीबाई म्हणाल्या. "सोवळ्याची नसले आत्ता, तरी तेवढी काही घसरले नाही."

मृणालिनी आधीच उतरून, साडी खोचून, होडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी होती. कॅमेरा हातात. जानकीबाई उतरल्या. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं, दुसरं पोटरीपर्यंत, तिसरं गुडघ्यापर्यंत आणि वर येईना. त्यांनी तिवराची फांदी धरली. फांदी वाकली. पदर मागच्या खुंटात अडकला होता हे त्यांना तोल गेल्यावर कळलं. पाय पुढे, पदर मागे. त्या चिखलात हातांवर पडल्या आणि पदर डोक्यावरून सुटून गळ्यापासून पार मागे ताणला गेला.

गार वारा थेट टाळूला लागला. चौतीस वर्षांत उघड्यावरचा वारा त्या कातडीला लागला नव्हता. जानकीबाई ओरडल्या. शब्द नव्हता त्यात, नुसता ओरडा. आणि त्या ओरड्यानं वळणावरचे सगळे कुरव एकदम उठले. आभाळ फडफडलं. त्या फडफडाटातही जानकीबाईंना एक बारीकसा आवाज ऐकू आला. खट्.

त्यांनी मान वळवायच्या आत मृणालिनी धावत आली, खुंटातला पदर सोडवला, त्यांच्या डोक्यावर टाकला, काखेत हात घालून उचललं. सगळं केलं. पण आधी खटका झाला आणि मग हात आला. तो क्रम जानकीबाईंनी बरोबर टिपला.

धाकू खाडीकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. बांधावर पोचल्यावर तो म्हणाला, "आजी, म्या काय नाय बगितला. देवाशपथ." त्या परक्या माणसाला जे कळलं होतं ते घरच्या सुनेला कळलं नव्हतं. की कळूनही बोट दाबलं गेलं होतं?

दोघी टांग्यात बसल्या. चिखल सुकून आलवण खडखडीत झालं होतं.

"काढलास?" जानकीबाईंनी विचारलं.

मृणालिनी खोटं बोलू शकली असती. "हो," म्हणाली. "आई, मुद्दाम नाही. पाखरं उठली आणि हात आपोआप—"

"पुसून टाक."

"पुसता येत नाही. पण मी कुणाला दाखवणार नाही. धुऊन आलं की तेवढा तुकडा कापून तुमच्या हातात देईन, चुलीत घाला. तुमच्या गळ्याची शपथ."

"माझ्या गळ्याची कशाला? स्वतःच्या गळ्याची घे."

मृणालिनीनं घेतली. जानकीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी खरं बोलत होती, हे त्यांना दिसत होतं. पण खरं बोलणारी माणसंही उद्या विसरतात, परवा बदलतात, तेरवा मैत्रिणीला कानात सांगतात. आणि धुणारा तो स्टुडिओवाला? तो काय डोळे बांधून धुणार होता?

घरी आल्यावर मृणालिनीनं कॅमेऱ्याची चामड्याची पेटी खुंटीला लावली, पिशवीतून हिंगाचा डबा काढला आणि स्वयंपाकघराच्या फडताळावर ठेवला.

"माझा डबा?" जानकीबाई म्हणाल्या.

"रिकामा होता. रीळ ठेवलंय त्यात, ओल लागू नये म्हणून. उद्या स्टुडिओ बंद आहे. संक्रांतीला सकाळी नेऊन देते. तेवढं हलवू नका हं, आई."

रीळ म्हणजे काय हे जानकीबाईंना ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अनंतानं भर दुपारी ओसरीवर कॅमेरा उघडून बघितला होता, आणि मृणालिनीच्या आईचे शेवटचे फोटो गेले होते. ऊन लागलं की रीळ आंधळं होतं, असं तेव्हा घरभर ऐकू येत होतं. सून दोन दिवस जेवली नव्हती. तिची आई पुढच्या महिन्यात वारली.

भोगीच्या दिवशी जानकीबाई पहाटे न्हाल्या, सोवळं नेसल्या, तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, भोगीची भाजी केली. अनंता कचेरीत गेला. मृणालिनी शेजारी रुक्मिणीबाईंकडे तिळगुळाला हात लावायला गेली. रुक्मिणीबाई म्हणजे आळीची पहिली सवाष्ण. नाकात एवढी मोठी नथ, आणि कुणाच्याही घरात काय चाललंय ते त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं.

दुपारी ऊन अंगणात सरळ उतरलं. जानकीबाईंनी गोधड्या काढल्या, दोरीवर टाकल्या. डाळीचे सांडगे सुपात पसरले. मग फडताळावरचा हिंगाचा डबा काढला.

आत काळ्या-तांबड्या कागदात गुंडाळलेली गोळी होती, वर चिकटपट्टी. नखानं ती सोडवली. कागद सुटला, आत चकचकीत राखाडी फीत, दोन हात लांब. मऊ होती. सापाच्या कातेसारखी अंगाशी गोळा व्हायची. जानकीबाईंनी ती सुपावर आडवी घातली, दोन टोकांना दोन सांडगे ठेवले, आणि उन्हाकडे तोंड करून दिली. वाऱ्यानं एकदा उडाली, तर उचलून पुन्हा घातली.

मग पाटावर बसून पंधरा मिनिटं जप केला. आंधळी हो, आंधळी हो, असं त्या म्हणत नव्हत्या. रामाचंच नाव घेत होत्या. पण डोळे सुपावर होते. उठताना त्यांना वाटलं, आता तो खटका कधी झालाच नाही. टाळूवरून पदर त्यांनी पुन्हा एकदा पुढे ओढला, आणि त्याच हातांनी देवाच्या नैवेद्याचं ताट वाढलं.

मृणालिनीच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, संक्रांतीला. स्टुडिओत जायला निघाली, डबा हलका लागला, उघडला. ती अंगणात आली. फीत अजून सुपाच्या कडेला लोंबत होती. रात्रभर दव पिऊन ती वेडीवाकडी झाली होती, आणि तिच्यावर मुंग्या चढल्या होत्या.

"आई, हे कुणी केलं?"

"मी." जानकीबाई तुळशीला पाणी घालत होत्या. "ओलसर वास येत होता गं डब्याला. खाडीची हवा. म्हटलं बाईची एवढी मेहनत, बुरशी नको लागायला. उन्हात घातलं."

"तुम्हाला ठाऊक होतं, ऊन लागलं की काय होतं ते."

"मी अडाणी बाई, मला काय कळतंय?"

मृणालिनीनं फीत उचलली, मुंग्या फुंकल्या, उजेडाला धरून बघितली. हातात नुसती काळपट पट्टी होती. पायऱ्या गेल्या, वानरं गेली, दवातलं जाळं गेलं. तिनं ती बोटांना गुंडाळत गुंडाळत विचारलं, "सोवळ्यात होतात ना काल?"

"मग? भोगीच्या दिवशी ओवळ्यानं फिरेन?"

"याच्यावर सरस लावलेला असतो, आई. हाडांचा. गुरांची हाडं उकळून करतात तो. त्याच्यावर फोटो उमटतो." तिचा आवाज अगदी शांत होता, वाढायला घेताना असायचा तसा. "दोन हात हाडं हाताळलीत आणि मग नैवेद्य दाखवलात."

जानकीबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी स्वतःच्या हातांवर ओतलं. पण हरायची ती बाई नव्हे. "स्नान करीन," म्हणाल्या. "पंचगव्य घेईन. माझं मी बघेन. तुझं काय ते बघ. गेला ना तो फोटो?"

तोंडातून निघून गेलं. अडाणी बाईला कळायला नको होतं ते.

मृणालिनीनं मान हलवली. "नाही गेला. हे उपवनातलं रीळ होतं. बारा फोटो संपले म्हणून मी डोंगरावरच बदललं, तुम्ही जपाला बसला होता तेव्हा. शाल अंगावर घेऊन तेच तर करत होते. खाडीवरचं रीळ कॅमेऱ्यात आहे. अजून भरलं नाही म्हणून आतच ठेवलं."

ती खुंटीकडे बघत होती. चामड्याची पेटी तिथं टांगलेली. कालचा सबंध दिवस ती जानकीबाईंच्या डोळ्यांसमोर होती, आणि सोवळ्यातल्या बाईनं चामड्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

"तीनच फोटो आहेत त्यात," मृणालिनी म्हणाली. "एक हलला, एकात नुसतं पाणी. आणि तिसरा."

"शपथ घेतल्येस."

"घेतली. आणि पाळणार होते. आज तुकडा कापून तुमच्या हातात देणार होते." ती पायरीवर बसली. "आज संध्याकाळी सहाला शेवटची वेळ. माझ्याकडे द्यायला आता दुसरं काही नाही. एकच सांगते, आई. मुद्दाम केलंत एवढं कबूल करा. मला एकटीला. कुणाला सांगायला नको, माफी मागायला नको. 'होय, केलं' एवढंच म्हणा. म्हणजे मी ते रीळ आत्ता तुमच्यासमोर उघडून उन्हात टाकते, आणि श्यामसुंदरना सांगून येते की घरातला गणपतीसुद्धा जमला नाही मला."

अंगणात कुणी नव्हतं. पलीकडे रुक्मिणीबाईंकडे तिळाचा खमंग वास सुटला होता. दोन शब्द होते. जानकीबाईंनी तोंड उघडलं, आणि समोर पायरीवर बसलेली ती न वाकलेली मान बघितली. सात वर्षांत जिनं एकदाही नजर खाली घातली नाही, तिच्यापुढे आपण घालायची?

"मी अडाणी बाई," जानकीबाई म्हणाल्या. "वास येत होता म्हणून उन्हात घातलं."

"बरं," मृणालिनी म्हणाली, आणि खुंटीवरची पेटी घेऊन बाहेर पडली.

रथसप्तमीला प्रदर्शन उघडलं, पार्ल्यातल्या एका शाळेच्या सभागृहात. मृणालिनीच्या फोटोला पहिलं बक्षीस लागलं. ते सांगायला श्यामसुंदर स्वतः घरी आले, दोनदा चहा प्याले, आणि "वहिनींची नजर म्हणजे नजर" असं म्हणत उठले. अनंताला कशातलं काही ठाऊक नव्हतं. आईनं चुकून एक रीळ वाळत घातलं एवढंच त्याला कळलं होतं, आणि तो त्यावर हसला होता. फोटो अजून त्यानं पाहिलेला नव्हता.

"आई, तू यायलाच हवंस," तो म्हणाला. "आळीतले सगळे येतायत. सुनेचं बक्षीस आणि सासू घरात, बरं दिसतं का?"

नसत्या गेल्या तर लोकांनी विचारलं असतं, का नाही आल्या. म्हणून जानकीबाई गेल्या. निघताना मृणालिनी त्यांच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "नाव घातलेलं नाही. तोंड पलीकडे आहे, दिसत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर कुणाला कळायचं नाही."

सभागृहात गर्दी होती. डोंगर, झाडं, लेणी, सगळं भिंतीवर टांगलेलं. टोकाला एक मोठा फोटो, त्यापुढे माणसांचा घोळका. जानकीबाई मागून गेल्या, टाचा उंचावल्या आणि बघितलं.

खाली काळा चिखल. चिखलात हातांवर पडलेली एक बाई, पाठमोरी. पदर मागे ताणलेला, दोरीसारखा. आणि मधोमध डोकं. गोल, पांढरं, उघडं. उन्हात चकाकत होतं. मागे एक शीर फुगलेली, कानाच्या वर वस्तऱ्याची जुनी खूण. त्या डोक्याच्या वर अख्खं आभाळ पाखरांनी भरलेलं. आरशाकडे पाठ करून चौतीस वर्षं काढलेल्या बाईनं स्वतःचं डोकं पहिल्यांदा पाहिलं, ते चार परक्या माणसांच्या खांद्यांवरून. खाली चिठ्ठीवर एकच शब्द होता. त्यांनी अक्षर लावून वाचला. कुरव.

"नारळच की हो!" कुणीतरी पुढून म्हणालं आणि चारजण हसले. जानकीबाई हलल्या नाहीत.

"काय करत असेल ही चिखलात?"

"कालवं काढत असेल."

"कालवं काढणारी डोकं करत्ये होय? बामणाची बाई आहे." ही रुक्मिणीबाई. नथ सावरत फोटोच्या अगदी जवळ गेल्या होत्या. "आलवण आहे बघा. केशवपन केलेली."

जानकीबाईंनी पदर कपाळावर दाबून धरला. हेही सोसलं.

अनंता फोटोपुढे उभा होता. त्यानं मान तिरकी करून बघितलं. "झकास आहे," म्हणाला. "कोण गं ही म्हातारी, मृणाल?" स्वतःच्या आईला त्यानं ओळखलं नाही. ते सोसणं सगळ्यांत सोपं गेलं, कारण त्यात सुटका होती.

"होती कुणीतरी," मृणालिनी म्हणाली. ती दूर खिडकीशी उभी होती. निघताना दिलेला शब्द तरी तिनं पाळला होता.

आणि मग रुक्मिणीबाई जीभ चुकचुकवत म्हणाल्या, "बिचारी! कुणी नसेल हो तिला. मुलांनी टाकलेली असणार. नाहीतर या वयात अशी खाडीत मरायला कोण जातं? दोन वेळचं अन्न तरी मिळत असेल की नाही, देव जाणे. अशांना कुणीतरी जुनंपानं लुगडं तरी—"

"टाकलेली नाही!"

सगळे मागे वळले. जानकीबाईंचा आवाज सभागृहभर गेला होता, मेतकुटाच्या ऑर्डरी घेताना रस्त्यापलीकडे जायचा तसा.

"टाकलेली नाही," त्या म्हणाल्या. "तीन मुलांची आई आहे. स्वतःच्या कष्टानं बांधलेल्या घरात राहत्ये. कुणाच्या जुन्या लुगड्याची तिला गरज नाही, आणि तुमच्या तर मुळीच नाही, रुक्मिणीबाई!"

आधी कुणाला उमगलं नाही. मग अनंताचा चेहरा पडला. मग एकेकाची नजर फोटोकडे गेली आणि तिथून सावकाश जानकीबाईंच्या कपाळावर आली, पदरावर, पदराच्या आतल्या गोलावर. आता त्या पदराला अर्थ उरला नव्हता. प्रत्येकजण त्याच्या आरपार बघत होता, शीर, खूण, सगळं. कुणी हसलं नाही. हसले असते तर जानकीबाईंनी एकेकाला सोलून काढलं असतं.

खिडकीशी उभी असलेली मृणालिनी पुढे आली नाही.

रुक्मिणीबाई आल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरंखुरं. "अगं बाई, जानकीबाई, तुम्ही होय!" म्हणाल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि जानकीबाईंच्या कपाळावरचा पदर, जो मुळीच घसरला नव्हता, लहान मुलीचा सारखा करावा तसा बोटांनी सारखा केला.

जानकीबाईंनी हात झटकायला म्हणून हात उचलला. पण सगळी माणसं बघत होती. त्यांनी तो खाली घेतला आणि करू दिलं.